आठ खजिने त्यांचे, पाच तुमचे

ताई,

हसू नका. मी ३९ वर्षांची आहे, नागपुरात मिहानमध्ये एका कंपनीत हिशेब बघते, नऊ वर्षांचा मुलगा आहे, आणि गेला महिनाभर रात्री सगळे झोपले की मी कार्टून बघते.

माहेर इथल्याच महाल भागातलं. १९९६-९७च्या सुमारास आमच्याकडे केबल आलं. मी आणि दादा (माझ्याहून तीन वर्षांनी मोठा) उन्हाळ्याच्या सुट्यांत दुपारभर कार्टून नेटवर्क लावून बसायचो. त्यात 'द पायरेट्स ऑफ डार्क वॉटर' नावाची एक मालिका होती. सगळीकडे समुद्रच समुद्र असलेली एक दुनिया, तिला गिळत सुटलेलं जिवंत काळं पाणी, आणि ते थांबवायला तेरा खजिने शोधत फिरणारा राजपुत्र रेन. दादा रेन व्हायचा. मला निडलर व्हावं लागे, म्हणजे त्यातलं ते माकडपाखरू. टूला नावाची मुलगी होती, पण दादा म्हणे, तू टूला झालीस तर निडलर कोण होईल? रेन पडद्यावर 'टूला!' म्हणून ओरडला की आजी आतून विचारायची, "कोणाले?" दादा गल्लीत आउट झाला की त्यातल्या चाच्यांसारखा 'नॉय जिटाट' म्हणायचा. आम्हाला ती इंग्रजी शिवी वाटायची.

मग परीक्षांचं वर्ष आलं, आईनं केबल काढून टाकलं आणि शेवट बघायचा राहिला. त्याबद्दल आईवर कितीतरी वर्षं मनातून राग होता. महिन्यापूर्वी इंटरनेटवर सगळे भाग सापडले. चार रात्रींत पाहून काढले. तर शेवट नाहीच! तेरापैकी आठच खजिने मिळतात आणि मालिका खलास.

आणि खरं सांगू? माझ्या डोक्यात होती ती मालिका ही नव्हेच. ती कितीतरी मोठी होती. लेकाला दाखवली तर दहा मिनिटांत म्हणतो, "मम्मी, याचं फक्त तोंडच हलून राहिलं." नवरा म्हणतो, "कायले पाहून राहिली हे? झोप ना." (स्वतः २०११च्या फायनलचा शेवटचा षटकार महिन्यातून एकदा तरी बघतो.)

बाबा गेल्यावर महालच्या घराच्या वाटणीवरून दादाशी बोलणं बंद झालंय, दोन वर्षं होतील. तो पुण्याला असतो. याचा कार्टूनशी काही संबंध नाही, पण लिहून ठेवते.

मी हे बघणं बंद करू का? की पुन्हा बघून मी माझं लहानपण खराब केलं?

– निडलर, त्रिमूर्तीनगर

ता. क. उरलेले पाच खजिने आम्ही गच्चीवर झोपताना ठरवले होते. नववा आजीचा अडकित्ता. दहावा गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी. तेरावा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, एक कान तुटलेला. अकरावा-बारावा आठवत नाही. खरा शेवट कळेपर्यंत कामचलाऊ शेवटही केला होता: काळी मारबत (मिरवणुकीतला तो बाईचा भलामोठा पुतळा) सगळं काळं पाणी पिऊन टाकते आणि मग तिला जाळतात.

*

निडलरबाई,

हसले नाही. म्हणजे एकदाच हसले, आजीच्या 'कोणाले?'वर.

'याचा कार्टूनशी काही संबंध नाही, पण लिहून ठेवते.' तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलंय. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचते आहे; माणसं मुद्द्याचं बोलणं असंच, निघताना दारात चपला घालता घालता करतात. त्याच्याकडे येईन. आधी कार्टून, कारण प्रश्न त्याचा विचारलाय.

तर पहिलं म्हणजे, तुमचा शेवट हुकलेला नाही. ही मालिका अमेरिकेत १९९१ साली सुरू झाली आणि १९९३ साली २१ भागांवर थांबली. कार्टून नेटवर्क भारतात आलं १९९५ मध्ये. म्हणजे महालातल्या तुमच्या बैठकीत रेननं पहिल्यांदा शीड उभारलं, तोवर ती मालिका बंद पडून तीनेक वर्षं होऊन गेली होती. केबलवाल्याची वायर शाबूत राहिली असती, परीक्षा रद्द झाल्या असत्या, आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटाऐवजी दिवाळीनंतर उघडल्या असत्या, तरी नववा खजिना काही तुम्हाला दिसला नसता. आईला आज फोन करा आणि सांगा की तुझ्यावरची केस मागे घेतली. तिला केस चालू होती हेच माहीत नसेल, पण सांगा.

अशा अर्धवट सोडलेल्या गोष्टी त्या काळात पुष्कळ. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाची १९८३ ते ८५ मधली एक मालिका होती. त्यात सहा मुलं जत्रेतल्या एका गाडीत बसतात ती थेट दुसऱ्याच दुनियेत जाऊन पडतात, आणि २७ भाग झाले तरी घरी पोचत नाहीत. शेवटच्या भागाची संहिता लिहून तयार होती. भाग काही तेव्हा निघाला नाही. मुलं तिथेच. त्यांच्या आया अजून जेवायला थांबल्या असतील. कारण साधंच: ही कार्टूनं गोष्ट सांगायला निघत नसत, काहीतरी विकायला निघत. जाहिरात किंवा बाहुली. 'ही-मॅन'ची तर बाहुली आधी बाजारात आली, १९८२ साली, आणि तिच्यामागून १९८३ मध्ये मालिका. खप उतरला, आकडे घसरले की दुकान बंद. राजपुत्र कुठल्या बेटावर अडकलाय याची चौकशी कोणी करत नसे.

हे कळलं की काहींना फसवल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मांडून बसलेला माणूस पुण्य कमवायला बसलेला नसतो, विकायला बसलेला असतो. तुमच्या त्या एका कानाच्या बैलाचाही बाबांनी भाव करूनच घेतला असेल. म्हणून तो तेरावा खजिना व्हायचा राहिला का?

आता 'डोक्यात होती ती मालिका ही नव्हेच' याचं बघू. जरा हिशेब मांडते, तुमचंच क्षेत्र आहे. २१ भाग, एकेक साधारण बावीस-तेवीस मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून जेमतेम आठ तास. हे आठ तास तुम्ही आता चार रात्रींत उरकले, बहुधा फोनवर, बहुधा एका कानात इयरफोन घालून, दुसरा कान लेकाच्या खोलीकडे. लहानपणी हेच आठ तास तुम्हाला दोन-तीन उन्हाळे पुरले. रोज बावीस मिनिटं, आणि मग उरलेल्या दिवसाचे तेवीस तास अडतीस मिनिटं तुम्ही आणि दादा. यातली मोठी रक्कम कुठली, मी सांगायला नको.

आणि ती बावीस मिनिटं तरी तुम्हाला धड कुठे ऐकू येत होती?

मे महिन्यातली नागपूरची दुपार आठवा. पारा पंचेचाळिसाच्या आसपास. खिडकीत कूलर, त्याचा घर्रर्र आवाज, पंप सुरू झाला की त्यात पाण्याची टपटप, ओल्या ताट्यांचा वास. टीव्हीचा आवाज वाढवला की आतून कोणीतरी ओरडणार, कमी केला की कूलर सगळं खाऊन टाकणार. भाषा इंग्रजी. कार्टून नेटवर्कवर हिंदी नंतर आलं; सुरुवातीच्या त्या वर्षांत जे होतं ते अमेरिकन इंग्रजी, तेही घाईघाईचं. मराठी शाळेतल्या दहा वर्षांच्या पोरीला त्यातलं किती कळत असेल? 'गो', 'कम', 'नो' आणि नावं. त्यातही एक नाव आजीला चतुर्थी विभक्ती वाटायचं. वरून मध्येच लाइन जाणार. कूलर बंद, टीव्ही बंद, रेन कड्यावरून लोंबकळतोय तसाच अंधारात. लाइन येईतो त्या जागी दुसरंच कार्टून लागलेलं.

मग रेन त्या कड्यावरून वर आला कसा? तुम्हीच आणला. दुसरं कोण आणणार होतं?

तुमची 'नॉय जिटाट' ही इंग्रजी शिवी नव्हती, हेही सांगून टाकते. ती कुठल्याच भाषेतली नाही, मालिकेसाठी बनवलेली आहे. 'चोंगो लोंगो'ही तसलीच. म्हणजे त्या एका बाबतीत अमेरिकेतलं पोरगं आणि महालातलं पोरगं एकाच बाकावर होतं. बाकी सगळीकडे तुम्हाला गाळलेल्या जागा भरायच्या होत्या आणि तुम्ही त्या भरल्या. म्हणून ती मालिका 'कितीतरी मोठी' होती. आता इंग्रजी कळतं, आवाज स्वच्छ आहे, लाइन जात नाही, आणि भरायला जागाच उरली नाही. जे दिसतं ते तेवढंच आहे. तुम्ही लहानपण खराब केलं नाही हो. तुम्ही फक्त त्यातला दुसऱ्यांनी केलेला भाग वेगळा काढून पाहिलात, आणि तो लहान निघाला.

याची उलट बाजू तुम्हालाही माहीत असेल. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' लागायचं. मूळ जपानी, ५२ भागांचं, पण आपल्याकडे हिंदीत आलं: शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. आजही चाळिशीतली चार माणसं गोळा करा, चौघांना तीच चड्डी, तेच फूल आणि तोच शेरखान आठवेल. सगळ्यांना सगळं कळलं होतं, म्हणून सगळ्यांची आठवण सारखी. ते पुन्हा बघितलं तर फारसा अपेक्षाभंग होत नाही, मी पाहिलंय. पण 'डार्क वॉटर'बद्दल त्याच चौघांना विचारलं तर चार वेगळ्या गोष्टी निघतील, आणि एकाच गोष्टीत काळी मारबत असेल.

माझंही सांगते, म्हणजे तुम्ही एकट्या नाही एवढं तरी कळेल. मी तुमच्याहून मोठी, माझा काळ दूरदर्शनवरच्या 'ही-मॅन'चा. बऱ्याच वर्षांनी, व्हीसीडीचे दिवस होते तेव्हा, बर्डीच्या बाजारात मोदी नंबर तीन या गल्लीच्या बाजूला एका दुकानात मला 'ही-मॅन'ची व्हीसीडी दिसली. काही न बघता घेतली. घरी येऊन लावली तर कव्हरवर ही-मॅन आणि आत कुठल्यातरी दाक्षिणात्य भक्तिपटाचा उत्तरार्ध. परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, देवाचं आहे, ठेवून घ्या." ठेवून घेतली.

खरा ही-मॅन पुढे भाच्यासोबत पाहिला. तिसऱ्या भागात भाचा म्हणाला, "आत्या, हा पळताना कालच्यासारखाच पळून राहिला." आणि खरंच! तेच पळणं, तीच उडी, तेच मागे वळून बुक्का मारणं, फक्त मागची झाडं वेगळी. फिल्मेशन नावाच्या त्या कंपनीची ही रीतच होती. इतर स्टुडिओ चित्रांचं काम स्वस्तात करून घ्यायला आशियात धाडत असताना ही मंडळी ते अमेरिकेतच करत, आणि तो खर्च भागवायला एकदा काढलेली हालचाल पुन्हा पुन्हा वापरत. असे १३० भाग. मी लहानपणी ते पाहिलं, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. कारण तो तलवार वर धरायचा तेव्हा मी टीव्हीकडे बघतच नसायचे. मी आईचं उलथनं वर धरून पलंगावर उभी असायचे.

तुमच्या लेकाकडे येऊ. नऊ वर्षांच्या पोराची नजर फार तिखट आहे, त्याला दटावू नका. 'फक्त तोंडच हलतं' हे त्यानं शंभर टक्के बरोबर पकडलंय. 'डार्क वॉटर' ज्यांच्या स्टुडिओतून आली त्या हॅना आणि बार्बेरा या जोडीनं आधी एमजीएममध्ये 'टॉम अँड जेरी' केलं होतं. तिथे पैसा होता, वेळ होता, टॉमच्या शेपटीलासुद्धा स्वतंत्र अभिनय होता. सात ऑस्कर मिळाली त्याला. मग १९५७ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि टीव्हीसाठी कामं घेतली. टीव्हीकडे पैसे थोडे आणि दर आठवड्याला भाग हवा. तेव्हा त्यांनी काटकसर केली: अंग स्थिर ठेवायचं, तोंड तेवढं हलवायचं.

लेकाला एक कोडं घाला. योगी अस्वलाच्या अंगात कपडा नाही, मग गळ्यात कॉलर आणि टाय कशाला? विचार करू द्या त्याला. उत्तर असं की मान जिथे धडाला जोडली जाते ती रेघ त्या कॉलरखाली लपते. धड एकदाच काढायचं, बोलताना नुसतं डोकं बदलायचं, आणि सांधा कोणाला दिसत नाही. माझ्या भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं घरातली सगळी जुनी कार्टूनं कॉलर शोधत पाहिली. गोष्टीत त्याला काडीचा रस नव्हता. चालतं की! त्याचं त्यानं काहीतरी शोधलं.

तुमची चूक एवढीच झाली असावी की तुम्ही लेकाला शेजारी बसवून पडद्याकडे कमी आणि त्याच्या चेहऱ्याकडे जास्त पाहिलंत. आवडलं का? आता आवडेल, थांब. पोरांना परीक्षेचा वास लांबून येतो. आपल्या आईचं लहानपण पास करायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, ते त्याचं काम नाही.

त्याऐवजी एक करून बघा, आणि रात्री नको, एखाद्या रविवारी दुपारी. एकच भाग लावा, कुठलाही मधला. आवाज पूर्ण बंद. आणि तुम्ही सांगा, मराठीत, तुमची मालिका. आता हा काय म्हणाला, ती का चिडली, ते काळं पाणी कुठून आलं, तो चाच्यांचा सरदार ब्लॉथ एवढा जाडा का झाला. चुकलं तर चुकू द्या, मधेच आजीला आणा. तुम्ही ती मालिका अशीच पाहिली होती. कूलरनं आवाज खाल्ला होता आणि दादा सांगत होता. लेक ऐकेल की नाही याची हमी मी देत नाही. पण त्यानं मध्येच 'असं नाही, असं झालं असेल' म्हटलं, तर जागा सोडा आणि त्याला सांगू द्या.

या वेळी निडलर त्याला करा. तुम्ही टूला व्हा, फार वर्षं थांबलात. पुन्हा पाहताना तुमच्याही ध्यानात आलं असेल, जहाजावरच्या मंडळींत बाई एकच, आणि झाडं-प्राणी यांना हाकेनं हलवण्याची विद्याही तिच्याकडेच. त्या काळच्या बऱ्याच साहसाच्या कार्टूनांत असंच असायचं: चार पोरं असतील तर एक पोरगी. दादाचा काय दोष, त्याच्यासमोर वाढलेलं ताट तेच होतं. (थोडा दोष होता.)

नवऱ्याचं फार मनावर घेऊ नका. ज्या माणसाला शेवटचा षटकार कुठे पडणार हे चौदा-पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे आणि तरी तो बघतो, त्याला 'कायले पाहून राहिली' विचारायचा हक्क नाही. पुढच्या वेळी तो बघत असताना शेजारी जाऊन बसा आणि विचारा, त्या रात्री तू कोणासोबत होतास? बघा काय सांगतो ते.

झोपेचं मात्र मनावर घ्या. रात्री कार्टून बघणं हा काही रोग नाही, पण महिनाभर रोज उशिरापर्यंत जागणं आणि सकाळी मिहान गाठणं याचा शीण कुठेतरी निघतोच. कार्टून नसतानाही झोप येत नसेल तर डॉक्टरांना भेटा. ते काम माझं नाही.

आणि आता ती चपला घालताना सांगितलेली गोष्ट.

तुम्ही मला दादाशी समेट कसा करू असं विचारलेलं नाही, म्हणून मी सांगणार नाही. घराची वाटणी हा कागदाचा विषय आहे. कोणाचा किती हिस्सा, कोणी आईबाबांकडे किती पाहिलं, कोणी कर भरला, हे वकिलासमोर बसून वाटणीपत्रात लिहायचं असतं आणि त्यात लहानपण आणायचं नसतं. मी अशी पत्रं वाचली आहेत जिथे बहिणीनं राखीसोबत लहानपणीचा फोटो पाठवला, आणि भावानं तो फोटो 'आता भावनिक दबाव आणून राहिली' म्हणून बायकोला दाखवला. हक्क असेल तर मागा, नको असेल तर सोडा, पण निडलरला मध्यस्थ करून पाठवू नका. गरीब पाखरू आहे ते.

मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. अकरावा आणि बारावा खजिना.

पत्र मी तीनदा वाचलं, आणि प्रत्येक वेळी तिथे अडकले. आठ खजिने स्टुडिओनं शोधले, ते जगाला माहीत आहेत, कोणीही बघू शकतं. पाच महालातल्या गच्चीवर सापडले. त्यातले तीन तुमच्याकडे आहेत: अडकित्ता, गोटी, बैल. दोन नाहीत. ते इंटरनेटवर सापडणार नाहीत, आईला माहीत नसतील, आजी असती तरी 'कोणाले?' म्हणाली असती. ते आता जगात एकाच माणसाच्या डोक्यात असले तर आहेत, आणि त्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे. त्याच्याकडचे कुठले हरवलेत आणि तुमच्याकडे शिल्लक आहेत, हेही त्याला माहीत नाही. कदाचित तो बैल विसरला असेल.

विचारा त्याला. 'कसा आहेस' नको, 'खूप आठवण येते' नको, जुना फोटो नको, राखीच्या किंवा भाऊबीजेच्या दिवशी तर मुळीच नको. मधलाच एखादा रिकामा वार बघा, बुधवार वगैरे. दोन ओळी: 'दादा, डार्क वॉटरचा शेवट बनवलाच नव्हता म्हणे. आपला अकरावा आणि बारावा काय होता?' बस्. खाली हात जोडलेलं चित्रही नको.

तो उत्तरात घर काढेल, तशी शक्यता आहे. काढलं तर लिहा, 'ते वकिलांसमोर बोलू. अकरावा सांग.' वाचून गप्प बसला तर दुसरा मेसेज पोळ्यापर्यंत करू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा असतो आणि मारबतही त्याच दिवशी निघते, हे पुण्यात राहून तो विसरला असेल तर मला आश्चर्य वाटेल. त्या दिवशी लेकाला घेऊन माहेरी महालात जा. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असं गर्दीत ओरडायला त्याला आवडेलच. काळी मारबत समोरून जाताना त्याला तुमचा शेवट सांगा. मला विचाराल तर स्टुडिओनं तेरा खजिने गोळा करून जो काही शेवट केला असता, त्यापेक्षा तुमचा सरस आहे: काळं पाणी पिऊ शकेल एवढं मोठं पोट असलेली बाई तुम्हा दोघांना गल्लीच्या तोंडाशीच सापडली. मारबतीचा एक फोटो काढा, दादाला पाठवा, खाली काही लिहू नका.

आणि कधी त्याचं उत्तर आलंच, तो म्हणाला अकरावा खजिना अमुक होता, आणि तुम्हाला तो साफ चुकीचा वाटला, तर त्याला सोडू नका. भांडा. 'तो अकरावा नव्हताच, तू तेव्हाही खोटं सांगत होतास' म्हणून चांगलं तासभर भांडा.